कोकण किनाऱ्यावर लाल लेट्यूस: परसबागेत रंग कसा धरावा

कोकणच्या किनाऱ्यावर लेट्यूस उगवून येण्यास फारशी अडचण येत नाही. खरी कसोटी लागते ती त्याच्या पानांवर रंग चढवताना. बियाण्याच्या पाकिटावर गर्द वांगी रंगाची झालरदार पाने दिसतात आणि प्रत्यक्ष वाफ्यात मात्र पोपटी पानांच्या कडेला जेमतेम तांबूस छटा उमटते, असा अनुभव अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत अनेक हौशी बागायतदार सांगतात आणि त्याचे खापर बियाण्यावर फोडतात. बियाणे वाईट निघू शकते, हे खरे. परंतु बहुतेक वेळा चूक लावणीच्या तारखेत, वाफ्याच्या जागेत किंवा खताच्या सढळ हातात असते. म्हणून या पिकाची माहिती रंगापासूनच सुरू करणे योग्य ठरेल, कारण पुढील प्रत्येक निर्णय त्याच्याशी बांधलेला आहे.

लाल लेट्यूसचा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्यामुळे येतो. कोकमाच्या सालीला लाली देणारी द्रव्येही याच गटातील आहेत. आपल्या ओळखीच्या लाल माठाचा रंग मात्र बीटालेन या अगदी वेगळ्या गटातील द्रव्यांचा असतो, आणि म्हणूनच माठ भर उन्हाळ्यातही लालभडक राहतो म्हणून लेट्यूसही राहील, हा अंदाज फसतो. लेट्यूसचे झाड हे द्रव्य पानाच्या वरच्या थरांत, मुख्यतः प्रखर प्रकाशापासून बचाव व्हावा यासाठी तयार करते. दिवसभर भरपूर प्रकाश मिळाला आणि रात्र थंड असली, तर दिवसा तयार झालेली साखर रात्री श्वसनात फारशी खर्च होत नाही व रंगद्रव्य चांगले साठते. रात्र उबदार राहिली किंवा दुपारचा पारा तिशीच्या बराच वर गेला, तर रंगद्रव्य कमी तयार होते आणि तयार झालेलेही विरत जाते. सावलीतले पान हिरवेच राहते. गड्ड्याच्या आतील पाने, ज्यांवर ऊन पोहोचत नाही, ती लाल जातीतही पोपटी असतात, त्याचे कारण हेच.

आता हे गणित किनाऱ्याला लावून पाहावे. पुण्यात जानेवारीच्या रात्री पारा सरासरी ११-१२ अंशांपर्यंत उतरतो, तर समुद्रालगतच्या कोकणात तो त्याच महिन्यात साधारण १७ ते २० अंशांवर रेंगाळतो आणि दुपारी तिशी गाठतो. घाटावरच्या लागवडीसाठी लिहिलेले वेळापत्रक इथे जसेच्या तसे वापरले तर निराशा पदरी पडते. किनाऱ्यापासून आत, सह्याद्रीच्या पायथ्याकडील गावांत किंवा दापोलीसारख्या उंचावरील ठिकाणी रात्री अधिक थंड असतात आणि तिथे रंग सहज धरतो. मालवण किंवा वेंगुर्ल्याच्या पुळणीलगत त्यासाठी अधिक काटेकोर राहावे लागते.

हंगाम

पावसाळ्यात उघड्यावर लेट्यूस लावण्याचा विचारच करू नये. कोकणात बहुतेक ठिकाणी वर्षाला २५०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि लेट्यूसचे नाजूक पान त्या माऱ्यात फाटते, मातीने माखते व बुंध्यापासून कुजते. पाऊस परतल्यानंतर येणारी ऑक्टोबरची काहिलीही या पिकाला मानवत नाही. म्हणून पहिले बी ऑक्टोबरच्या अखेरीस किंवा नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, तेही रोपवाटिकेत, सावलीच्या सोयीसह टाकावे. ती रोपे नोव्हेंबरच्या उत्तरार्धात वाफ्यात जातात आणि त्यांची पाने डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत वाढतात. रंगासाठी याहून चांगला काळ किनाऱ्यावर मिळत नाही.

त्यानंतर दर पंधरा दिवसांनी थोडे थोडे बी टाकत राहावे, म्हणजे सगळे पीक एकदम तयार होऊन वाया जात नाही. शेवटची पेरणी डिसेंबरच्या अखेरीस आटोपावी. फार तर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत ताणावी. त्यापुढे पेरलेले बी उगवेल, परंतु त्याचे पान फेब्रुवारी-मार्चच्या उकाड्यात वाढेल, कडू होईल आणि झाड लवकर फुलोऱ्याचा दांडा धरेल. लेट्यूसला दिवस मोठा झाला व उष्णता वाढली की फुलोऱ्याची घाई होते. डिसेंबरात कोकणातील दिवस सुमारे अकरा तासांचा असतो, ही आपल्या पथ्यावर पडणारी बाब आहे. दिवसाच्या लांबीबाबत तक्रारीला जागा नाही, सांभाळायचे ते तापमान.

जागा

वाफ्याला सकाळचे थेट ऊन किमान पाच तास मिळावे आणि दुपारी दोननंतर त्यावर सावली यावी, अशी जागा सर्वोत्तम. घराच्या पूर्वेकडील अंगण, किंवा पश्चिमेला चिऱ्याचा उंच गडगा असलेली मोकळी पट्टी यासाठी उपयोगी पडते. समुद्रासमोर उघडी असलेली जागा टाळावी, कारण दुपारनंतर सुटणाऱ्या खाऱ्या वाऱ्याबरोबर येणारे मिठाचे कण पानांच्या कडा करपवतात. पर्याय नसेल, तर वाऱ्याच्या बाजूने नारळाच्या झापांचा आडोसा पुरेसा होतो.

नारळ-पोफळीच्या आगरात, पाटाच्या पाण्यालगत, गारव्यात लेट्यूस छान येईल असे वाटणे स्वाभाविक आहे. हिरवे लेट्यूस तिथे येतेही. लाल जात मात्र त्या झिरपत्या उजेडात रंग धरत नाही आणि पाने लांबट, लुळी होतात. हिरवी जाळी बांधण्याच्या बाबतीतही हाच नियम लागू आहे. रोपे लहान असताना ५० टक्के सावली देणारे शेडनेट जरूर वापरावे. रोपे वाफ्यात रुळली की ते काढून टाकावे, किंवा केवळ दुपारपुरते ओढावे. प्लॅस्टिकचे अनेक कागद आणि काच अतिनील किरण अडवतात व त्यामुळेही लाली फिकी पडते, म्हणून दवापासून संरक्षण म्हणून वाफ्यावर कागद कायम पसरून ठेवण्याची सवय लावून घेऊ नये.

एक सूचना कोकणापुरती, आणि ती गांभीर्याने घ्यावी. हापूसच्या कलमांखाली किंवा त्यांच्या लगत लेट्यूस लावू नये. आंब्याला मोहोर येण्याच्या सुमारास, म्हणजे नेमका आपल्या पिकाच्या काळात, तुडतुड्यांसाठी व भुरीसाठी फवारण्या सुरू असतात आणि पंपाचा तुषार वाऱ्याबरोबर दूरवर जातो. आंबा काढणीला अद्याप काही महिने असतात व तो सोलून खाल्ला जातो. लेट्यूसचे पान दुसऱ्या दिवशी कच्चेच ताटात येते. दुसरे असे की, दरवर्षी मोहोर यावा यासाठी पावसाळ्यात कलमांच्या बुंध्याभोवती पॅक्लोब्युट्राझोल, म्हणजे बागायतदारांच्या बोलीतले कल्टार, दिले जाते. झाडाची वाढ रोखणारे हे द्रव्य मातीत दीर्घकाळ टिकते, आणि अशा मातीत लावलेली भाजीची रोपे खुजी, आखडलेली राहू शकतात. कलमाखालची सुपीक माती उचलून कुंडीत भरणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे. शेजाऱ्यांच्या कलमांवर फवारणी होणार असेल तर तिचा दिवस आधी विचारून घेऊन वाफा झाकावा.

माती आणि खत

कोकणातील जांभ्याची लाल माती आम्लधर्मी असते आणि अतिवृष्टीमुळे तिच्यातील चुना, पालाश वगैरे द्रव्ये धुपून गेलेली असतात. लेट्यूसला मातीचा सामू (पीएच) ६ ते ७ च्या दरम्यान लागतो. मातीची तपासणी करून घेणे उत्तम. न जमल्यास पाऊस थांबताच दर चौरस मीटरला साधारण २०० ग्रॅम शेतीचा चुना वरच्या वीतभर मातीत मिसळावा आणि तीन आठवडे तसाच राहू द्यावा. चुना व शेणखत एकाच दिवशी घालू नये, कारण त्यात नत्राचा काही भाग अमोनिया होऊन उडून जातो. चुलीतील लाकडाची राख हा चालण्याजोगा पर्याय आहे, मात्र तीही मुठीने मोजून द्यावी. चुना घातल्याचा आणखी एक लाभ असा की, कॅल्शियम कमी पडल्याने आतल्या कोवळ्या पानांच्या कडा तपकिरी होऊन जळाल्यासारख्या दिसतात, तो विकार कमी होतो. पाणी कधी जास्त, कधी कमी झाले तरी हा विकार येतो, त्यामुळे चुन्याने सारे काम होईल असे समजू नये.

किनाऱ्यालगतच्या रेताड जमिनीत आम्लता हा प्रश्न सहसा नसतो. तिथे पाणी व खत धरून ठेवणारे काहीतरी मिसळणे गरजेचे ठरते, आणि त्यासाठी कुजलेला पातेरा व नारळाच्या सोडणांचा भुसा हाताशी असतोच. सोडणे खाडीच्या किंवा खाऱ्या पाण्यात भिजवलेली असतील, तर तो भुसा गोड्या पाण्यात दोन-तीन वेळा धुऊन मगच वापरावा. लेट्यूस क्षार सोसत नाही. सड्यावर, जिथे कातळावर जेमतेम चार बोटे माती असते, तिथे चिरे रचून त्यांच्या चौकटीत माती भरावी. वीस सेंटिमीटर खोली पुरते, कारण या पिकाची बहुतेक मुळे वरच्या थरातच राहतात. गच्चीवर लावणाऱ्यांनी तेवढ्याच खोलीच्या रुंद कुंड्या घ्याव्यात आणि त्या तापलेल्या लादीवर थेट न ठेवता विटांवर ठेवाव्यात.

खताच्या बाबतीत हात आखडता घेणे हेच शहाणपणाचे. दर चौरस मीटरला चार-पाच किलो पूर्ण कुजलेले शेणखत किंवा त्याहून थोडे कमी गांडूळखत वाफा तयार करतानाच मिसळले, की या पिकाची बहुतेक भूक भागते. युरिया देऊ नये. मासळीचे खत घालण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे आणि नारळाला ते मानवते, पण लेट्यूसच्या वाफ्यात त्याचा मोह आवरावा. नत्र जास्त झाले की पाने भराभर वाढतात, मऊ व हिरवीगार होतात, मावा त्यांच्यावर तुटून पडतो आणि लाल रंग पातळ होतो. थोडी भुकेली राहिलेली लेट्यूस अधिक लाल दिसते. तिला अगदी उपाशी मात्र ठेवू नये. हे पान कच्चे खाल्ले जाणार असल्यामुळे ताजे शेण, शेणकाला किंवा गोमूत्राची पातळ मिश्रणे उभ्या पिकावर शिंपडू नयेत. ताजे शेण मातीत घालायचेच असेल तर ते पान तोडण्याच्या किमान चार महिने आधी, म्हणजे पावसाळ्यातच, घालून कुजू द्यावे.

जात

घट्ट गड्डा धरणाऱ्या जाती किनाऱ्यावर लावू नयेत; गड्डा भरायला लागणारा दीर्घ थंड काळ इथे मिळत नाही. मोकळ्या पानांच्या जाती निवडाव्यात. कुरळ्या झालरीची लोलो रोसो बाजारात सहज मिळते, तिची पाने कडेला लाल व मध्याकडे हिरवी असतात. ओकच्या पानासारख्या कातरलेल्या पानांची लाल ओकलीफ कोवळेपणी तोडण्यास चांगली आहे. लाल बटाविया हा प्रकार उष्णता काहीसा अधिक सोसतो व उशिरा दांडा धरतो, त्यामुळे एकच जात लावायची झाल्यास माझा कौल तिला आहे. खरेदीच्या वेळी एक आडाखा ठेवावा: पाकिटावर जी जात सर्वांत गडद दिसते, ती घ्यावी. किनाऱ्यावर रंग एक पायरी उतरतो हे गृहीत धरले, तर गडद जांभळी जात लाल होते आणि मुळात फिकी लाल असलेली जात हिरवट होते. पाकिटावर भरल्याची तारीख तपासण्यास विसरू नये, कारण आपल्या दमट हवेत दुकानाच्या फळीवर पावसाळा काढलेले बी अनेकदा निकामी झालेले असते.

पेरणी आणि रोपे

लेट्यूसचे बी जिऱ्याहून बारीक असते. एका ग्रॅममध्ये आठशे ते हजार दाणे भरतात. चौघांच्या घराला एका वेळी वीस-पंचवीस रोपे पुरेशी होतात, तेव्हा सगळे पाकीट एकदम रिकामे करण्याचे कारण नाही.

या बियाला उगवण्यासाठी दोन गोष्टी लागतात, आणि दोन्ही इथे सहजासहजी जुळत नाहीत. पहिली म्हणजे गारवा. १५ ते २० अंशांत बी तीन-चार दिवसांत उगवते. माती २८-३० अंशांच्या वर तापली की अनेक जातींचे बी झोपी जाते आणि कितीही पाणी दिले तरी हलत नाही. नोव्हेंबरच्या आरंभी कोकणातील माती दुपारी तेवढी तापतेच. त्यावर सोपा उपाय असा: बी ओल्या सुती फडक्यात किंवा टिपकागदात पसरून, डबीत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात दोन दिवस ठेवावे आणि मग संध्याकाळी, हवा उतरल्यावर पेरावे. ट्रे रात्रभर बाहेर राहू द्यावा व दिवसा पडवीतील उजेडाच्या पण थंड कोपऱ्यात, ओल्या पोत्यावर ठेवावा.

दुसरी गोष्ट प्रकाश. अमेरिकेत मेरीलँड राज्यातील बेल्ट्सव्हिल येथील कृषी संशोधकांनी १९५२ मध्ये ग्रँड रॅपिड्स या लेट्यूसच्या बियांवर केलेला प्रयोग वनस्पतिशास्त्रात प्रसिद्ध आहे. भिजवलेल्या बियांवर लाल प्रकाश टाकला की त्या उगवत, अतिलाल (लालच्या पलीकडचा, डोळ्यांना जेमतेम दिसणारा) प्रकाश टाकला की उगवण थांबे, आणि दोन्ही आलटून पालटून दिले तर शेवटी कोणता दिला यावर सारे ठरे. पुढे फायटोक्रोम या प्रकाश ओळखणाऱ्या द्रव्याचा शोध याच धाग्याने लागला. परसबागेसाठी त्याचा अर्थ सरळ आहे. दाट पानांमधून गाळून आलेल्या उजेडात लाल भाग पानांनी शोषलेला असतो व अतिलाल भाग शिल्लक राहतो. त्यामुळे पोफळीखाली किंवा फणसाच्या सावलीत ठेवलेल्या ट्रेमध्ये बी कमी उगवते. भिंतीची किंवा छपराच्या कडेची सावली चालते, झाडाची नको. तसेच बी खोल गाडू नये. ओलसर मिश्रणावर बी पसरून, त्यावर चाळणीतून भुरभुरेल एवढाच, तीन-चार मिलिमीटरचा थर द्यावा आणि हाताने हलके दाबावे.

ट्रेमधील मिश्रण निम्मे धुतलेले कोकोपीट (नारळाच्या सोडणांचा भुसा) व निम्मे चाळलेले गांडूळखत असे घेतल्यास पुरते. पाणी झारीने न देता ट्रे उथळ पाण्यात ठेवून खालून ओढू द्यावे, म्हणजे बी वाहून जात नाही आणि रोपांची मानही कोरडी राहते. दमट हवेत रोपे कोलमडण्याचा रोग हमखास येतो: कालपर्यंत उभे असलेले रोप सकाळी आडवे दिसते आणि मातीलगतची त्याची दांडी दोऱ्याएवढी बारीक, काळसर झालेली असते. तसे दिसताच आजूबाजूची रोपे मातीसकट काढून टाकावीत, पाणी कमी करावे व वारा खेळू द्यावा. मिश्रणात आधीच ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी मिसळणे हा चांगला बचाव आहे. दोन पाने फुटल्यावर गर्दी विरळ करावी. उपटलेली कोवळी रोपे धुऊन कोशिंबिरीत घालता येतात.

लावणी आणि पाणी

तीन ते चार आठवड्यांत रोपाला चार-पाच खरी पाने येतात. लावणीपूर्वी चार-पाच दिवस रोपांना सकाळचे ऊन थोडे थोडे वाढवत द्यावे. दोन रोपांत २० ते २५ सेंटिमीटर अंतर ठेवावे. दाटी झाल्यास पाने एकमेकांवर सावली धरतात आणि रंगाचे नुकसान होते. भाताचा तरवा चिखलात खोल रोवण्याची सवय असलेल्या हाताला इथे जरा आवरावे लागते, कारण लेट्यूसचा गाभा, जिथून नवी पाने फुटतात, तो मातीच्या वर राहिला पाहिजे. त्यात माती गेली की तो कुजतो. लावणी संध्याकाळी करावी आणि पहिले चार दिवस दुपारी झापाची सावली द्यावी.

वाफ्यावर भाताच्या नव्या पेंढ्याचे दोन बोटे जाड आच्छादन घालावे. या सुमारास भातकापणी उरकलेली असल्यामुळे पेंढा मुबलक असतो. आच्छादनाखालची माती गार व ओलसर राहते आणि शिंपण्याच्या पाण्याने माती पानांवर उडत नाही. बुंध्याभोवती मात्र चार बोटे जागा मोकळी सोडावी.

पाणी रोज सकाळी, मुळाशी, माफक द्यावे. संध्याकाळी पाने भिजवल्यास रात्रभराच्या दवाने ती तशीच ओली राहतात व त्यांच्यावर बुरशीचे डाग पडतात. विहिरीच्या पाण्याची चव घेऊन पाहावी: किनाऱ्यालगतच्या अनेक विहिरी हिवाळ्यात गोड असतात आणि फेब्रुवारीपासून हळूहळू मचूळ होऊ लागतात. पिण्यास मचूळ लागणारे पाणी लेट्यूसला देऊ नये. पानांच्या कडा सुकतात आणि वाढ खुंटते.

कीड, गोगलगायी आणि वानर

डिसेंबर-जानेवारीत मळभ आले की मावा वाढतो. तो पानाच्या खालच्या बाजूला, झालरीच्या घड्यांत लपतो, आणि लोलो रोसोसारख्या कुरळ्या पानांत तो शोधणे जिकिरीचे होते. आरंभीच पाण्याच्या बारीक धारेने तो उडवून द्यावा. न आवरल्यास लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल व थोडा सौम्य साबण घोटून संध्याकाळी फवारावे. तीव्र रासायनिक कीटकनाशक घरच्या लेट्यूसवर मारण्यात काही अर्थ नाही. तसे पान बाजारात मिळतेच. पाने खाणाऱ्या अळ्या हाताने वेचाव्यात, त्यांची काळी विष्ठा पानावर दिसली की अळी जवळच असते.

गोगलगायी हा दमट कोकणातला सर्वांत चिवट उपद्रव होय. त्या दिवसा चिऱ्यांच्या फटीत व आच्छादनाखाली दडतात आणि रात्री रोपेच्या रोपे फस्त करतात. वाफ्यालगत संध्याकाळी एक ओले गोणपाट अंथरून ठेवावे. पहाटे ते उलटल्यावर खाली जमलेल्या गोगलगायी चिमट्याने उचलून मिठाच्या पाण्यात टाकाव्यात. उघड्या हाताने त्यांना धरू नये. विशेषतः मोठ्या आफ्रिकी गोगलगायीच्या अंगात माणसाच्या मज्जासंस्थेला बाधणारा कृमी असू शकतो आणि तो कच्च्या पानांबरोबर पोटात जाण्याचा धोका असतो. मीठ थेट वाफ्यात फेकू नये, ते लेट्यूसलाच मारते. विषारी गोळ्या कोंबड्या, मांजरे व कुत्री खातात, तेव्हा त्या टाळाव्यात.

वानरांवर मात्र खात्रीचा उपाय नाही. चारही बाजूंनी व वरून मजबूत जाळी लावली तर पीक वाचते, आणि तीच जाळी गावठी कोंबड्यांनाही रोखते. जाळी मोठ्या विणीची, पांढरी किंवा रंगहीन घ्यावी, म्हणजे उजेड अडत नाही.

तोडणी

पेरणीपासून साधारण ४५ ते ५५ दिवसांनी बाहेरची पाने तोडण्याजोगी होतात. पान सकाळी, ऊन चढण्यापूर्वी तोडावे. त्या वेळी ते पाण्याने भरलेले व कुरकुरीत असते, आणि दुपारी तोडलेले पान टोपलीतच मान टाकते. बाहेरची तीन-चार पाने बुंध्याशी वळवून काढावीत आणि आतील पाच-सहा पाने ठेवावीत. असे आठवड्यातून एकदा केल्यास एक रोप महिनाभर पाने देते. उशिरा लावलेली रोपे मात्र सबंध कापून घेतलेली बरी.

पाने काढताना गाभ्यावर नजर ठेवावी. मधला भाग उंचावू लागला, नवी पाने अरुंद व टोकदार येऊ लागली आणि पान मोडताच देठातून पांढरा चीक पूर्वीपेक्षा जास्त वाहू लागला, तर झाड दांड्यावर चालले आहे असे समजावे. त्या चिकातील द्रव्यांमुळेच पान कडवट होते. या टप्प्यावर दोन दिवसही थांबू नये; जे कोवळे आहे ते त्याच सकाळी काढून घ्यावे.

प्रत्येक पान सुटे करून, दोन्ही बाजूंनी वाहत्या पिण्याच्या पाण्यात धुवावे, कारण घड्यांत मावा, माती व गोगलगायीचा चिकट स्राव राहतो. धुतल्यानंतर पाणी पूर्ण निथळावे आणि पाने कोरड्या फडक्यात गुंडाळून, डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवावीत. पिकत आलेली केळी किंवा चिकू शेजारी ठेवू नयेत. त्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने पानांवर तांबूस तपकिरी डाग पडतात. चिरलेले पान पाण्यात भिजत ठेवल्यास रंग पाण्यात उतरतो, आणि फोडणीवर टाकल्यास लाली जाऊन पान मळकट होते. आंबट पदार्थाने मात्र हा रंग उजळतो, म्हणून लिंबाऐवजी कोकमाच्या आगळाचे काही थेंब घालून पाहावेत. आगळात मीठ असते व मिठाने पान लगेच लुळे पडते, तेव्हा ते वाढण्याच्या क्षणीच घालावे.

बी धरणे

लेट्यूस स्वपरागित असल्यामुळे घरचे बी बहुधा मूळ जातीसारखेच निघते. सर्वांत गडद रंगाची रोपे डिसेंबरातच खूण करून ठेवावीत, त्यांची पाने तोडू नयेत, आणि त्यांतील सर्वांत उशिरा दांडा धरणारी दोन बियासाठी राखावीत. उन्हाळा लागताच ती कमरेपर्यंत वाढतात, पिवळी बारीक फुले येतात आणि त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत बिया पिकून त्यांवर रुईच्या म्हातारीसारखा पांढरा पिसारा दिसू लागतो. सगळे बी एका वेळी पिकत नाही, म्हणून शेंडा कागदी पिशवीत वाकवून दर दोन दिवसांनी झटकावा. हे काम मेच्या मध्यापर्यंत, वळवाच्या सरी येण्यापूर्वी उरकले पाहिजे. बी सावलीत आठवडाभर वाळवून, पिसारा चोळून काढून, घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत भरावे आणि बाटलीवर जातीचे नाव व महिना लिहून ती फ्रिजमध्ये ठेवावी. ताज्या बियाला एक-दोन महिने सुप्तावस्था असू शकते, त्यामुळे जूनमध्ये ते उगवून पाहिले आणि आले नाही, तरी फेकून देऊ नये. उगवण तपासायची झाल्यास दसऱ्याच्या सुमारास दहा दाणे ओल्या टिपकागदावर पसरून उजेडाच्या गार जागी ठेवावेत. त्यांतील सात-आठ उगवले तर नवीन पाकीट घेण्याची गरज नाही.